चौऱ्याण्णव नंबरचं पान

"चौऱ्याण्णव नंबरचं पान काढ," गुरू अडकित्त्यात सुपारी धरत म्हणाली, "आणि मोठ्यानं वाच."

माझं आत्मचरित्र छापून येऊन महिना झाला होता. नाशकात, पुण्यात सत्कार झाले. तृतीयपंथीयांच्या मोर्चात पोलिसांच्या काठीसमोर उभी राहिले, तेव्हाही मी अशी घाबरले नव्हते. डेऱ्यातल्या सगळ्या चेल्या समोर बसल्या होत्या. गुरूनं नुसतं 'जा' म्हटलं असतं, तर जमातीतलं एकही दार मला उघडलं नसतं. आईबापांचं तर सोळाव्या वर्षीच बंद झालं होतं.

गुरूला अक्षरओळख नाही, एवढाच काय तो आधार. मी वाचू लागले, "त्या दिवशी मी चोरून वहीत लिहीत होते. गुरूनं पाहिलं आणि ती मला रागावली."

अडकित्ता थांबला. "पुढं?"

"पुढं... मला जवळ घेतलं."

गुरूनं माझा डावा हात ओढला, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि भाजल्याचा जुना डाग सगळ्यांना दाखवला.

"तापलेलं उलथणं होतं," ती म्हणाली. "काल धाकट्या चेलीकडून दोनदा वाचून घेतलंय मी."

पुस्तक मांडीवर निसटलं. तिनं ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं. देताना तिचा अंगठा त्या डागावरून हळूच फिरला.

"लिहिताना घाबरली नाहीस, मग आता कशाला घाबरतेस? नीट वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."