देवाचा तांब्या

बेंबळी गावात भैरवीच्या सासरी फळीवर एकसारखे पाच तांबे होते. त्यातला देवाचा कोणता आणि उपवासाचा कोणता, हे अनसूयाबाईंनी सुनेला तीन वर्षांत कधी सांगितलं नाही. भैरवीचा हात चुकीच्या तांब्याला लागला, की मात्र तोंड सुटायचं. "बाटवलास ना देवाचा तांब्या! आईनं वळण लावलं न्हाय व्हय गं तुला?"

भैरवीला घरबसल्या तात्पुरतं काम मिळालं होतं. एआय एजंटला, म्हणजे आपणहून कामं करणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, दिलेल्या प्रत्येक टूलचं (साधनाचं) वर्णन लिहायचं: ते कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही आणि तसल्याच दुसऱ्या टूलपासून वेगळं कसं ओळखायचं. "आज कायम केलं न्हाय, तर बंद करायचं हे थेर," अनसूयाबाईंनी बजावलं होतं.

फोनवर कंपनीचे साहेब म्हणाले, "तुमचं वर्णन वाचून एजंट एकदाही चुकला नाही. कायम केलं तुम्हाला. इतकं स्पष्ट लिहायला कुठं शिकलात?"

"सासूबाईंकडं," भैरवी म्हणाली. दारात कान देऊन उभ्या असलेल्या अनसूयाबाईंनी ऐटीत पदर सावरला.



"त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही, साहेब. नुसतं चुकल्यावर झोडपलं."