मधली काच

"आता बघा हं, सर!" मी पत्र्याच्या दोन चकत्यांमध्ये काच सरकवली. मीटरचा काटा खाली आला. "चकत्यांवरचा विद्युतप्रभार तेवढाच आहे. मधल्या काचेमुळे फक्त विद्युत क्षेत्र दुबळं झालंय."

परीक्षक खूश, मी तर हवेतच! प्रदर्शनासाठी पहिल्यांदाच परगावी राहिले होते. घरी जेवताना मी आई-बाबांच्या मध्ये बसते. मी असले की बाबांचा हात उठत नाही. "जा गं बिनधास्त," आईच म्हणाली होती.

"आणि काच काढली तर?" परीक्षकांनी विचारलं.

मी ऐटीत काच ओढली. काटा ताडकन वर उडाला. टाळ्या!

तेवढ्यात सोबत आलेल्या शाळेच्या बाईंनी फोन माझ्या कानाला लावला. शेजारच्या काकू रडत होत्या. "आईला दवाखान्यात नेलंय, पोरी. बाबांनी काल तिला..."

मी काच परत मध्ये सरकवली. काटा मुकाट्याने खाली आला.