दाराबाहेरचे बूट

डागडुजी झाल्यापासून अंकाराच्या उस्मानी पेठेतलं प्रत्येक घर एकाच रंगाचं झालं होतं. सत्तरीचा शिनासी तिसऱ्यांदा त्याच दगडी पाणपोईपाशी येऊन ठेपला. बालपण इथंच गेलं, आणि आता दोस्ताचं, नेज्देतचं, दार सापडेना. सोंगट्यांच्या डावावरून भांडल्यापासून बारा वर्षं तो नेज्देतकडे फिरकला नव्हता; आज समेट करायला आला होता. एका दाराबाहेर नेज्देतचे, नेहमीसारखी एकच टाच झिजलेले बूट दिसले. जित्या माणसाचे बूट आत, गेलेल्याचे दाराबाहेर, ही इथली रीत. बूट मांडीवर घेऊन तो पायरीवरच रडत बसला. तेवढ्यात दार उघडलं. "माझे बूट घेऊन काय बसलायस?" नेज्देतच विचारत होता. "तू मेला नाहीस?" "आत जमिनीचं रोगण वाळतंय अजून." नेज्देतने त्याचे डोळे पाहिले. "तुझेही काढ इथंच. लोकांना वाटू दे, दोघेही गेले."