ड्रममधला सेल
लेकीच्या व्हिडिओ गेममध्ये टीव्हीवर गाणं लागतं. तिने गिटार वाजवायची, आजोबांनी, माझ्या बाबांनी, प्लास्टिकचा ड्रम. काल तिच्या धांगडधिंगा गाण्यात बाबांचा ताल सुटला, स्कोअर बुडाला आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून आज मी गुपचूप ड्रममधला सेल काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात टाकला. ड्रम बंद, म्हणजे बाबांच्या चुका गेममध्ये मोजल्याच जाणार नाहीत. बाबांना काय कळतंय! बडवू देत खुशाल. पण लेकीने त्यांच्यासाठी जुनं गाणं शोधून लावलं. त्यांनी तरुणपणी ऑर्केस्ट्रात हजारदा वाजवलेलं. बाबांनी डोळे मिटले. एक ठोका चुकला नाही. माझाही पाय ताल धरू लागला. गाणं संपल्यावर लेकीने पडद्यावर वाचलं, “आजोबा, तुम्हाला शून्य!” बाबांनी काठ्या हळूच खाली ठेवल्या. “हातातला ताल गेला गं.” उठताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “घड्याळ चालू केलंस होय? बरं केलंस.”