तळघरातली हाऊसफुल्ल मैफल

कॅन्ससचा राज्यकवी म्हणून गावोगावी कवितेची गोडी लावणं हे माझं सरकारी काम. या गावच्या वाचनालयात गोडी लावून घ्यायला एकट्या ग्रंथपाल डार्लीनबाई हजर होत्या. मी घसा खाकरला आणि चक्रीवादळाचा भोंगा वाजला. बघता बघता अख्खं गाव आसऱ्याला वाचनालयाच्या तळघरात! तिथे फोनला रेंज नाही, त्यामुळे वादळाची खबर घ्यायला डार्लीनबाई रेडिओला कान लावून बसल्या. मी संधी साधली. होत्या नव्हत्या तेवढ्या कविता वाचल्या, पण एक माणूस जागचा हलला नाही. माझे डोळे भरून आले.

"पाहिलंत बाई, कवितेची ताकद?"

"हळू बोला, कविराज," त्या कुजबुजल्या. "वादळ तुमच्या दुसऱ्या कवितेलाच वळून गेलं. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."