साठ मिनिटांचा सामना

नऊच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे अण्णासाहेब दहा वाजून चाळीस मिनिटांनी आले. तोवर केदारखेड्याच्या मुली मैदानाच्या मधोमध रांगेत उभ्या होत्या. समोर जालन्याच्या मुलींची रांग. १९९९चा डिसेंबर. जिल्ह्यात मुलींच्या फुटबॉलला दोनच संघ आले होते, म्हणजे पहिला सामना तोच अंतिम. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. जिंकेल तो संघ औरंगाबादला विभागीय स्पर्धेला जाणार. बारा वाजता त्याच मैदानावर मुलांची फायनल होती.

स्वागतगीत खेळाडूंनीच म्हटलं. त्यासाठी दुसऱ्या मुली आणायच्या म्हणजे खर्च वाढतो, असं स्पर्धाप्रमुख रामराव सरांचं मत. ओवाळायला जालन्याची गोलकीपर पुढे गेली. तिने हातमोजे काखेत धरले आणि ताट घेतलं. व्यासपीठावर नऊ जण होते. नऊ शाली, नऊ नारळ, नऊ वेळा ‘क्रीडाप्रेमी’. त्यांतल्या सहा जणांनी खुर्च्या वळवून मैदानाकडे पाठ केली होती, कारण ऊन तिकडून येत होतं.

अकरा वाजून सात मिनिटांनी अण्णासाहेब बोलायला उठले. हातात दोन फुलस्केप कागद. महिला विश्वचषक फुटबॉलचा इतिहास. तो लिहून दिला होता केदारखेड्याच्या बेबीनंदा बाईंनी. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी मुलींचा सराव घ्यायच्या. रामराव सरांनी साहेबांसाठी चार ओळी मागितल्या होत्या. बाईंनी आनंदाने दोन पानं दिली.

“पहिली स्पर्धा १९९१, चीन. बारा संघ,” अण्णासाहेबांनी वाचलं. चीन म्हटल्यावर ते १९६२च्या लढाईत शिरले. तिथून परत यायला त्यांना अकरा मिनिटं लागली. आल्यावर अमेरिकेने नॉर्वेला दोन-एक हरवलं.

“त्या वर्षी महिलांचा सामना ऐंशी मिनिटांचा होता. पुरुषांचा नव्वद.” अण्णासाहेब थांबले. चष्म्यावरून त्यांनी मुलींच्या रांगा पाहिल्या. “म्हंजे दहा मिनिटं सैपाकाला सोडली व्हती.”

व्यासपीठ हसलं. पाठ करून बसलेले सहा जणही हसले. कागदावर पुढचंच वाक्य असं होतं की १९९५ला, स्वीडनमध्ये, महिलांचा सामनाही नव्वद मिनिटांचा झाला. हसणं ओसरेपर्यंत अण्णासाहेबांचं बोट त्या वाक्याच्या खाली सरकलं होतं.

“बाई,” केदारखेड्याची कॅप्टन चतुरा मान न वळवता मागे उभ्या बाईंना म्हणाली, “हे तर आम्हाला पाठ हाय.”

“ऐक गपचूप.”

“ऐकून राह्यलो. खेळायचं कवा?”

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. अण्णासाहेब याच वर्षीच्या फायनलवर आले होते. अमेरिकेत, नव्वद हजार प्रेक्षकांसमोर. “नव्वद हजार,” ते म्हणाले, “एवढे तर माझ्या सभेला न्हाई आले कधी.” मग सभेला किती आले होते ते सांगितलं. कोणत्या गावात किती, पाऊस असूनही किती. शेवटी, महिला फुटबॉलला आपल्या जिल्ह्यात उज्ज्वल भविष्य आहे, असं म्हणून ते बसले. अकरा बावन्न.

रामराव सर नाणं घेऊनच मैदानात आले.

“चला, टॉस करून टाकू.”

“बाजू ठरवायला?” बाईंनी विचारलं.

“निकाल लावायला. बाई, टाइम कुठं राह्यला आता? बारा वाजता पोरांची फायनल.”

“ती वीस मिनिटं उशिरा घ्या, सर. दहा-दहा मिनिटं तरी खेळू द्या यांना.”

“सायेबाला ती फायनल बघायची हाय. तिथून अंबडला लग्नाला जायचंय त्यांना.” सरांनी आवाज खाली आणला. “सर्टिफिकेट दोन्ही टीमला देऊन राह्यलो ना. पोरी बी खूश, तुम्ही बी खूश.”

बेबीनंदा बाईंनी व्यासपीठाकडे पाहिलं. अण्णासाहेब बाईंच्याच दोन कागदांनी वारा घेत होते.

नाणं उडालं. छापा. केदारखेडा.

रामराव सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. “अभिनंदन. जिंकलात.”

“कुणाशी?” चतुराने विचारलं.

सरांनी ऐकलं नाही. ते सामन्याचा तक्ता भरायला बसले होते. “टॉस लिहिलं तर औरंगाबादवाले टीम घेणार न्हाईत,” ते पॅडवर मान घालून म्हणाले. “एक-शून्य लिहून राह्यलो. बराबर?” पेन एका रकान्यापाशी थांबलं. “गोल कुणी केला, नाव लागतंय. चतुरा, तुझंच टाकतो. कॅप्टन तू.”

दोन्ही संघांच्या मुली एव्हाना भोवती जमल्या होत्या. एकीच्याही अंगावर धूळ नव्हती.

“माझं नको, सर,” चतुरा म्हणाली. “अण्णासाहेबांचं टाका. पूर्ण टाइम मैदान त्यांच्याकडंच होतं.”

रामराव सरांनी मान वर केली. मग बेबीनंदा बाईंकडे पाहिलं. बाई खाली पाहत होत्या.

जालन्याची गोलकीपर हातमोजे काढत होती. “आन अडवला कुणीच न्हाई,” ती म्हणाली, “ते बी लिहा.”