शेवटचं रोप

दोन वर्षं दर रविवारी कॉलनीतली चार निवृत्त मंडळी गुडघाभर पाण्यात उतरून तळ्यातली जलपर्णी उपसत होती. आधी एकमेकांची उणीदुणी काढायची, मग काठावर बसायचं आणि थर्मासमधला चहा संपला तरी गप्पा काही संपायच्या नाहीत. अखेर एका रविवारी पोस्टमास्तरांनी शेवटचं रोप उपटलं आणि तळं आरशासारखं लख्ख झालं.

"सुटलो बुवा एकदाचे!" ड्रायव्हरदादा म्हणाले. "आता रविवारी मस्त ताणून द्यायची."

पोस्टमास्तरांनी घरी येऊन कुलूप उघडलं. बोलायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं. हातातलं रोप कचऱ्यात टाकायला त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी ते बाथरूममधल्या बादलीत सोडलं.

पुढच्या रविवारी पुरतं उजाडायच्या आत, बादलीवर टॉवेल झाकून, ते चोरपावलांनी तळ्यावर पोचले.

काठावर तीन रिकाम्या बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या आणि नर्सबाई चार कपांत चहा ओतत होत्या.

"किती उशीर, पोस्टमास्तर! आमच्या तिघांची रोपं केव्हाच सोडून झाली."